एका फेऱ्यात किती धागा? सायकल कॉम्प्युटरने लोकर मोजल्याचं प्रकरण

मावशीचं पांघरूण पुरं व्हायला वीतभर उरलं होतं आणि निळी लोकर संपली. तिच्यासोबत एकाच खेपेला रंगवलेली लोकर पुन्हा मिळण्यासारखी नव्हती, आणि जवळपासची छटा लावली की तो पट्टा डोळ्यात खुपतो. तिने माग तसाच झाकून ठेवला आणि म्हणाली, "वजनावरून हिशेब केला होता रे. वजन बरोबर होतं."

वजन बरोबर होतं, यात मला शंका नाही. तिचा काटा एक ग्रॅमपर्यंत नेमका आहे. पण मागाला ग्रॅम लागत नाहीत, मीटर लागतात. मागावर रुंदी ७५ सेंमी, आडवे धागे सेंटीमीटरला पाच, लांबी २ मीटर. म्हणजे १००० आडवे धागे, प्रत्येकी पाऊण मीटर, ७५० मीटर. धागा सरळ जात नाही, उभ्या धाग्यांच्या वरखाली वळत जातो, म्हणून त्यावर दहा टक्के धरायचे: ८२५ मीटर. उरलेली वीत म्हणजे साधारण ११० आडवे धागे, नव्वदेक मीटर लोकर. तेवढी कमी पडली.

आता तिच्याकडे एक पेटी होती. त्यात २३ गुंडे, काही पुठ्ठ्याच्या कोनावर, काही हाताने गुंडाळलेले, काही तिने स्वतः कातलेले. एकावरही चिठ्ठी नाही. पुढचं पांघरूण या उरल्यासुरल्यातून पट्ट्यापट्ट्यांचं करायचं ठरलं, आणि मला प्रश्न आला: "यातल्या प्रत्येकात किती मीटर आहे ते सांगशील?" मी विणत नाही. बंद पडलेल्या वस्तू उघडतो, कधीकधी त्या परत चालूही होतात. एवढ्या भांडवलावर हे काम अंगावर घेतलं.

वजनाचा रस्ता का सोडला

सगळ्यात सोपा उपाय वजनाचाच आहे, आणि तो फेकून देण्यासारखा नाही. दहा मीटर तुकडा कापायचा, तोलायचा, मग पूर्ण गुंडा तोलायचा आणि त्रैराशिक मांडायचं. गिरणीतल्या एकसारख्या सुताला हे छान लागू पडतं. आमच्या पेटीत तीन अडचणी होत्या. कोनाच्या पुठ्ठ्याचं वजन माहीत नव्हतं. हाताने कातलेला धागा सुरुवातीला जाड आणि शेवटी बारीक होता, कारण कातणाऱ्या बाईंचा हात मधल्या काळात सुधारला होता. तिसरी अडचण लोकरीची स्वतःची: ती हवेतलं पाणी पिते. कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी पोटात घेऊनही ती हाताला ओली लागत नाही. सुताच्या व्यापारात म्हणूनच वजनात ठरावीक ओलावा धरण्याचा संकेत आहे. कापसाच्या सुताला तो ८.५ टक्के, लोकरीला त्याच्या जवळपास दुप्पट. दमट दिवशी तोललेला गुंडा आणि कोरड्या दिवशी तोललेला नमुना यांची तुलना केली की हिशेब तिथेच घसरतो.

दुसरा जुना रस्ता फाळक्याचा. फाळका म्हणजे लडी उतरवायची फिरती चौकट; चार हात, त्यांच्या टोकांवरून धागा फिरतो. परीघ माहीत असला की फेरे मोजायचे आणि गुणाकार करायचा. कापडगिरण्यांमधली जुनी मोजणी याच तत्त्वावर उभी आहे: दीड यार्ड परिघाच्या रिळावर ८० फेरे म्हणजे १२० यार्ड, अशा सात तुकड्यांची ८४० यार्डांची एक लड, आणि एका पौंडात अशा किती लडी बसतात तो कापसाच्या सुताचा नंबर. ८४० यार्ड म्हणजे ७६८ मीटर आणि वर दहा सेंटीमीटर.

मावशीचा फाळका दीड मीटर परिघाचा. ती फेरे तोंडाने मोजते. दारावर कोणी आलं, फोन वाजला, की १४० होते की १६०, हे फक्त देवाला ठाऊक. फेरे मोजण्याचं काम तिच्या तोंडातून काढून यंत्राला द्यायचं, एवढीच पहिली कल्पना होती.

सायकलवरून उतरवलेला डबा

माझ्याकडे एक जुना, वायरचा सायकल कॉम्प्युटर पडून होता. नाव कॉम्प्युटर, पण त्याची अक्कल मोजकीच. पुढच्या चाकाच्या आऱ्याला एक लोहचुंबक, चिमट्याला एक सेन्सर. सेन्सरमध्ये रीड स्विच असतो: काचेच्या इवल्याशा नळीत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या, एकमेकींना न टेकलेल्या. चुंबक जवळून गेला की त्या चिकटतात, गेला की सुटतात. बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी १९३६ साली बसवलेली ही युक्ती आजही तशीच चालते आहे. दोन वायरी, त्यांना उलटसुलट नाही, बॅटरी लागत नाही, वायर हवी तेवढी वाढवता येते. (बिनवायरीचे मॉडेल असेल तर सेन्सरला वेगळी बॅटरी आणि प्रक्षेपक असतो, या कामाला ते नको. वायरवालाच बरा.)

वरच्या डब्याला एवढंच कळतं की स्विच एकदा मिटला. आपण त्याला सांगून ठेवलेलं असतं की चाकाचा परीघ अमुक मिलिमीटर. रेसिंग सायकलच्या बारीक टायरला साधारण २०९६ किंवा २१०५ असा आकडा भरतात. प्रत्येक मिटण्याला तो एवढे मिलिमीटर मिळवत जातो आणि किलोमीटर दाखवतो. तुम्ही त्याला खोटं सांगितलंत तर तो ते खोटं इमानेइतबारे मोजतो. पुढचा सगळा खेळ या खोट्यावरच आहे.

पहिल्या दिवशी फाळक्याच्या एका हाताला चुंबक चिकटवला, खांबाला सेन्सर बांधला, परीघ भरला १५००. काम झालं असं वाटलं. पण ट्रिपचं अंतर दोन दशांशांपर्यंत दिसतं आणि ०.०१ किलोमीटर म्हणजे दहा मीटर. पावणेसात फेरे होईपर्यंत आकडा हलतच नाही. २३ पैकी निम्मे गुंडे शंभर मीटरच्या आतले. त्यांना दहा मीटरचं माप म्हणजे सोनं तोलायला धान्याचा काटा.

परीघ दहापट, म्हणजे १५००० भरला असता तर प्रत्येक ०.०१ हा एक मीटर झाला असता. माझ्या मॉडेलमध्ये ३९९९ च्या वर जाता येत नाही. मग उलट बाजूने गेलो. चारही हातांना एकेक चुंबक लावला. आता एका मिटण्यात खरा धागा ३७५ मिलिमीटर, आणि डब्याला सांगितलं ३७५०. दहापट खोटं, मर्यादेच्या आत. ०.०१ म्हणजे एक मीटर. चुंबक अगदी सारख्या अंतरावर बसवायची गरज नाही, कारण पूर्ण फेऱ्यात चार मिटणी झाली की हिशेब जुळतो. अर्ध्यामुर्ध्या फेऱ्याची चूक मीटरभराच्या आतच राहते.

मावशीला आकडा दाखवला तेव्हा तिने दुसरीच गोष्ट वाचली. "ताशी ५४ किलोमीटर? मी बसल्या जागी?" सेकंदाला एक फेरा म्हणजे खरा वेग ताशी ५.४, आणि दहापट खोट्यामुळे ५४. त्यानंतर आठवडाभर ती लोकर गुंडाळायला बसली की "जरा फिरून येते" म्हणायची.

दोन चुका, दोन दिशांना

पहिली मोठी लड काढली, डबा म्हणाला ४.००, म्हणजे ४०० मीटर. पडताळा घ्यायचा म्हणून लड उतरवून एकेक वळसा टेपवर धरला. आतले वळसे आणि बाहेरचे वळसे सारखे नव्हते. स्वाभाविकच. जाड लोकर फाळक्याच्या हातांवर एकमेकींवर चढत जाते, आणि थर जसा वाढतो तसा परीघ वाढतो. इथे एक गंमत आहे. फाळका गोल नाही, चौकोनी आहे, तरी थर टी जाडीचा झाला की परीघ बरोबर दोन पाय (π) टी इतकाच वाढतो. आकार गोल असो, चौकोनी असो वा सहा हातांचा, आत खळगा नसला की झालं. बाजू सरळच्या सरळ बाहेर सरकतात आणि सगळी वाढ कोपऱ्यांच्या कमानींत जमा होते. त्या कमानी जोडल्या की एक पूर्ण वर्तुळ. म्हणजे १२ मिलिमीटर थर चढला तर बाहेरचा वळसा ७५ मिलिमीटरने लांब, पाच टक्के. सरासरी धरली तर त्याच्या निम्मी चूक: ४०० दाखवलेल्या लडीत खरा धागा ४१० च्या आसपास.

ही चूक तशी सोयीची; दाखवलं त्यापेक्षा जास्त निघतं. पण लड चौकटीवरून सोडली की दुसरी चूक जागी होते. लोकर ताणलेली असते, सुटली की आकसते. दीड मीटरचा वळसा सैल धरल्यावर १४१ सेंटीमीटर भरला. सहा टक्के गेले. थराने दिलं, ताणाने घेतलं, आणि दोन्ही मिळून काय उरलं ते त्या दिवशी मावशीने हँडल किती जोरात फिरवलं यावर. थर पसरून गुंडाळला तर पहिली चूक कमी, हात सैल ठेवला तर दुसरी कमी. अशा दोन चुका एकमेकींना खाताना दिसल्या की उत्तर बरोबर आल्यासारखं वाटतं, आणि मला तेच जास्त धोक्याचं वाटतं.

म्हणून ठरवलं की गुंडाळला गेलेला धागा मोजायचाच नाही. वाटेवर, जाता जाता मोजायचा.

स्केटचं चाक

वाटेवर मोजायचं तर धागा एका छोट्या चाकावरून न्यायचा आणि त्या चाकाचे फेरे मोजायचे. जुन्या रोलर स्केटचं चाक सापडलं: ६४ मिलिमीटर व्यास, मध्ये ६०८ नंबरचं बेअरिंग, आठ मिलिमीटरच्या बोल्टवर बसणारं. पृष्ठभाग रबरासारखा, धाग्याला धरणारा. मात्र स्केटचं चाक मध्ये फुगीर असतं, धागा त्यावरून सतत बाजूला घसरतो. चाक ड्रिलमध्ये धरून फिरवत कानसीने मध्यावर खोबण पाडली. तळाचा व्यास राहिला ६१, परीघ १९१.६ मिलिमीटर. डब्यात भरले १९१६. पुन्हा दहापट, पुन्हा ०.०१ चा एक मीटर, आणि या वेळी एकाच चुंबकात.

धागा चाकावरून नुसता टेकवून नेला तर घसरतो. चाक जागेवर, धागा पुढे, आणि मोजणी कमी. त्याला चाकाभोवती पूर्ण एक वेढा दिला की पकड कशी वाढते ते घाटावर दोर खुंटाला गुंडाळणाऱ्याला विचारावं. घर्षणांक ०.३ धरला तर अर्ध्या वेढ्याला दोन बाजूंच्या ताणांचं गुणोत्तर अडीचपर्यंत जाऊ शकतं, पूर्ण वेढ्याला साडेसहापर्यंत. तेवढ्यात बेअरिंगचा अडसर सहज निघून जातो. फक्त वेढ्याची येणारी आणि जाणारी बाजू एकमेकींवर चढू नयेत म्हणून चाकाच्या आधी आणि नंतर एकेक गुळगुळीत तारेची कडी लावली, दोन्ही किंचित अलगअलग रेषेत. या दोन कड्यांवर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं तेवढंच आहे.

बेअरिंगमधलं दाट ग्रीस आधी पूर्ण काढलं. मग चाक इतकं मोकळं झालं की मावशी थांबली तरी ते आपलं फिरतच राहायचं, वेढा सैल पडायचा आणि डबा नसलेला धागा मोजायचा. थोडं पातळ तेल आणि बाजूला टेकेल न टेकेल असा नमद्याचा तुकडा लावल्यावर ते शहाण्यासारखं थांबू लागलं.

शून्य, मग दुप्पट

चुंबक लावला तो एक छोटी पण जबरदस्त चकती होती. लोकर ओढली, चाक फिरलं, डबा शून्यावर. वायर तपासली, बॅटरी बदलली (सीआर २०३२, कुठेही मिळते), सेन्सर मल्टिमीटरला लावून पाहिला. स्विच मिटलेला होता. चाक कसंही फिरवा, मिटलेलाच. सायकलवर चुंबक एकदा समोरून गेला की चाकाच्या पलीकडच्या टोकापर्यंत दूर जातो. इथे तो जास्तीत जास्त चार सेंटीमीटर दूर जाणार. एवढ्या ताकदीच्या चकतीला चार सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही. रीड सुटायला तयारच नव्हता. दुबळी, पातळ चकती लावली, आणि समोरच्या बाजूला तेवढ्याच वजनाचा वॉशर, नाहीतर जड बाजू खाली येऊन चाक नेमकं तिथेच डुलत बसतं.

आता आकडा चालू झाला. पण पन्नास मीटर लोकर ओढली तर डबा ९७ दाखवतो. मला वाटलं, पट्ट्या मिटताना थरथरत असतील. तसं असतं तर आकडे कधी दीडपट, कधी अडीचपट आले असते. हे दरवेळी जवळजवळ बरोबर दुप्पट होतं, आणि बरोबर दुप्पट येणारी चूक ही चूक नसून भूमिती असते.

झालं होतं असं. चकतीचं तोंड सेन्सरकडे, आणि सेन्सर मी असा बांधला होता की चुंबक काचनळीच्या लांबीच्या दिशेने सरकत जाई. अशा वेळी चुंबक नळीच्या एका टोकाशी आला की पट्ट्या मिटतात, बरोबर मध्यावर आला की दोन्ही पट्ट्यांवर सारखाच परिणाम होऊन सुटतात, आणि दुसऱ्या टोकाशी पुन्हा मिटतात. एका फेऱ्यात दोन मिटणी. सेन्सर काटकोनात वळवला, चुंबक नळीला आडवा आणि तिच्या एका टोकासमोरून जाईल असा. सायकलच्या सेन्सरवर बारीक रेघ असते ना, "चुंबक इथून जाऊ द्या" सांगणारी, ती याचसाठी. मी इतकी वर्षं ती सजावट समजत होतो.

धाग्याची जाडी मध्ये येते

यानंतर खरी परीक्षा. लांब बाकावर अडीच मीटर अंतरावर दोन खिळे ठोकले. एक वेढा पाच मीटर. डब्यावर आकडा १.०० वर नुकताच पलटला त्या क्षणी थांबलो, धाग्याला गाठ मारली आणि तेवढा धागा खिळ्यांवर मोजला. (आकडा पलटण्याचा क्षण धरणं महत्त्वाचं. डबा मीटरच्या आतलं काही दाखवत नाही, पण पलटतो तेव्हा तो कुठे आहे हे आपल्याला वीसेक सेंटीमीटरच्या आत कळतं.) भरला १०२.५ मीटर. डबा अडीच टक्के कमी सांगत होता.

घसरण असेल असं वाटून वेढा पुन्हा बघितला, नमदा सैल केला. पुन्हा १०२.५. दहा वेळा केलं असतं तरी तेच आलं असतं, कारण घसरण नव्हतीच. मी चाकाचा परीघ खोबणीच्या तळाशी मोजला होता, आणि धाग्याची लांबी तळाशी नसते. तिचं माप त्याच्या मधल्या रेषेत धरायचं, आणि ती रेषा तळापासून अर्ध्या जाडीएवढी वर असते. म्हणजे परिघात पाय गुणिले धाग्याची जाडी एवढी भर. ही लोकर दीड मिलिमीटरची, ४.७ मिलिमीटर वाढ, १९१.६ चे १९६.३ झाले. अडीच टक्के तिथेच सापडले. डब्यात १९१६ ऐवजी १९६३ भरले, पुढच्या खेपेला शंभराला शंभर.

मोठ्या सायकलच्या चाकाला असली कुरबुर नसते. चाक जितकं लहान तितकी जाडी जास्त बोलते. ०.३ मिलिमीटरच्या शिवणाच्या दोऱ्याला या चाकावर अर्धा टक्का चूक, तर दोन मिलिमीटरच्या लोकरीला तीन टक्क्यांच्या वर. त्यात मऊ लोकर चाकावर थोडी दबते, म्हणून पट्टीने जाडी मोजून नुसतं गणित करणंही पुरत नाही. शेवटी मावशीच्या वहीत तीन आकडे लिहिले: बारीक, मध्यम, जाड. गुंडा हातात घेतला की त्यातला एक डब्यात भरायचा. बटण दाबत आकडा बदलायला मिनिटभर लागतं आणि ती दरवेळी कुरकुरते.

कोणाला मीटरऐवजी यार्ड हवे असतील तर वेगळं काही करावं लागत नाही, भरायचा आकडा ०.९१४४ ने भागायचा. १९६३ च्या जागी २१४७. डब्यावर किलोमीटरच लिहिलेलं राहील, पण ०.०१ म्हणजे एक यार्ड असेल. त्याला काय कळतंय.

वेगाची लक्ष्मणरेषा

एक घटना माझ्या मावसभावामुळे घडली. त्याने गुंडा करायच्या यंत्राचं हँडल काढून त्याला ड्रिल लावलं. झपाट्याने गुंडा झाला, मावशी खूश. डब्याने ७१ मीटर दाखवले. पहिल्या दिवशी हाताने मोजलेला तोच गुंडा ११८ होता.

आमचा डबा ताशी ९९.९ किलोमीटरपर्यंतच वेग दाखवतो, आणि त्यापुढे येणारी मिटणी बहुधा गडबड समजून टाकून देतो. सायकलसाठी ते शहाणपणाचं आहे. पण आम्ही त्याला दहापट खोटं सांगितलंय, तेव्हा धाग्याचा खरा वेग ताशी १० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर झाला की तो ऐकणं सोडतो. हाताने फिरवताना सेकंदाला दीड-दोन मीटरच्या पुढे कोणी जात नाही. ड्रिल सहज जातं. फेरे जास्त बारकाईने मोजावेत म्हणून चाकाला चार चुंबक लावायचा मोह मलाही झाला होता. लावले असते आणि आकडा तितकाच ठेवला असता तर हीच भिंत चौपट आधी लागली असती.

नियम सोपा केला: वेगाचा आकडा ६० च्या वर जाऊ द्यायचा नाही. त्याने एक अनपेक्षित फायदा झाला. मावशी आता त्या आकड्याकडे बघत एकसारख्या गतीने फिरवते, त्यामुळे ताणही एकसारखा राहतो.

आणखी एक बारीक सवय: थोडा वेळ चाक थांबलं की डबा झोपतो. ट्रिप पुसली जात नाही, पण जागं होताना पहिला एखादा फेरा हरवतो. वीस सेंटीमीटर. त्यासाठी कोणी डोकं फोडू नये. सुरू करण्याआधी बटण दाबून उठवलं की भागतं.

पेटी रिकामी होताना

तीन संध्याकाळी २३ गुंडे चाकावरून गेले. चिठ्ठ्यांवर मीटर, ग्रॅम आणि दोन्हींवरून काढलेला टेक्स, म्हणजे १००० मीटरचं वजन ग्रॅममध्ये. याचा फायदा मला आधी सुचलाही नव्हता. दोन राखाडी गुंडे इतके सारखे दिसत होते की मावशी ते एकाच पट्ट्यात घालणार होती. एक ५० ग्रॅमला १२५ मीटर, ४०० टेक्स. दुसरा ५० ग्रॅमला १६० मीटर, ३१२ टेक्स. पट्टा मध्येच पातळ पडला असता. निळ्या पांघरुणाचं कोडंही इथेच सुटलं: गेल्या वेळी तिने असेच दोन "सारखे" गुंडे एका वजनाच्या हिशेबात धरले होते.

काही धाग्यांपुढे चाकाने हात टेकले. गाठीगाठींचा, फुगेफुगे असलेला धागा खोबणीत उड्या मारतो, त्याची जाडी म्हणजे नक्की कुठली जाडी हेच ठरत नाही. तसले दोन गुंडे परत फाळक्यावर गेले, चार चुंबकांच्या जुन्या सोयीवर, पातळ थरात आणि सैल हाताने. आणि हाताने कातलेला धागा धुण्याआधी मोजणं व्यर्थ आहे. एक लड चाकावर १०० मीटर भरली, कोमट पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवून पुन्हा चाकावर घातली तर ९४. डबा दोन्ही वेळा खरं बोलत होता. कातताना आणि गुंडाळताना लोकरीत अडकून बसलेला ताण पाण्यात सुटतो, तिच्या मूळच्या बारीक लाटा परत येतात आणि धागा आखूड, फुगीर होतो. म्हणून चिठ्ठीवर मीटरच्या पुढे "धुतलेली" किंवा "कोरी" असा एक शब्द लिहायचा ठरला. तो शब्द नसलेली चिठ्ठी मी मानत नाही.

पट्ट्यांचा आराखडा मग कागदावरच झाला. उभे धागे ३००, प्रत्येकी २.६ मीटर, ७८० मीटर. ते सगळे एका मोठ्या कोनातून. आडव्यात नऊ रंग. हिरव्याचा पट्टा तिला २० सेंटीमीटरचा हवा होता: १०० धागे, साडेब्याऐंशी मीटर. हिरव्या गुंड्याची चिठ्ठी म्हणत होती ७९.

"पुरेल रे, ओढून धरते," ती म्हणाली.

मी काहीच बोललो नाही. तिने चिठ्ठीकडे पुन्हा पाहिलं, पेन्सिलीने २० खोडून १८ केलं. चौऱ्याहत्तर मीटरचा पट्टा. विणून झाल्यावर हिरव्याचं शेपूट उरलं ते टेपवर धरलं: ४ मीटर २० सेंटीमीटर. तिने ते चिठ्ठीभोवतीच गुंडाळलं, ७९ वर रेघ मारून खाली ४.२० लिहिलं आणि परत पेटीत टाकलं.